गरजू आजींची गादी

कंपनीत सगळ्यांचं नाव एकच होतं: मैत्रीण. गादी मागवणाऱ्या माणसाने मोबाइलवर काही विचारलं, की समोर गुलाबी गोलात एक हसरा चेहरा यायचा आणि खाली अक्षरं उमटायची, ‘मी तुमची मैत्रीण, बोला ना!’ आता ही मैत्रीण म्हणजे कधी नुकतीच कॉलेजातून सुटलेली पोरगी असायची, कधी दोन लेकरांची आई, आणि कधी खिडकीजवळच्या खुर्चीतला दाढीवाला. त्याचं पोट टेबलाला टेकायचं, आणि एका हाताने बायकांना गोड गोड लिहिताना दुसऱ्या हाताने तो काडी घालून कान कोरत बसायचा. शी! पण गिऱ्हाइकाला त्यातलं काय दिसतंय? त्याला दिसतो गुलाबी गोल.

आपली सूनबाई या मैत्रिणींपैकीच एक. सूनबाई ही सासूची हाक. घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी बोलवत नव्हतं, तेव्हा आपणही तेच म्हणू.

कंपनी गाद्या विकायची, त्याही फक्त ऑनलाइन. दुकान नाही, की जाऊन हाताने दाबून बघावं. त्याऐवजी एक वचन होतं: तीन महिने झोपून बघा, नाही आवडली तर आम्ही घरी येऊन परत नेऊ, एका शब्दाने काही विचारणार नाही. मग परत आलेल्या गाद्यांचं करता काय, असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं. वृद्धाश्रमांना देतो, गरजूंना देतो. हे वाचून लोक विरघळायचे. गादी परत करणारा माणूससुद्धा आपण दानधर्म केला अशा थाटात आभार मानून जायचा.

“मला एक सांग,” दाढीवाला एकदा चहा पिताना म्हणाला होता, “फुकट पोचवायची, फुकट परत आणायची, वर दान करून टाकायची. हा मालक आहे की संत? आणि संत असेल तर मग आपल्या पंख्याचं बटण दुपारी कोण बंद करतं?”

“असतील मोठ्या लोकांचे मोठे हिशेब,” म्हणून सूनबाईने विषय झटकला. शंका काय तिला आली नव्हती? आली होती. पण नवऱ्याचं वायरिंगचं काम आज आहे तर उद्या नाही, घर चालायचं ते हिच्या पगारावर. तिने ती शंका चहाबरोबर गिळून टाकली.

आणि खरं सांगायचं तर डोकं चालवायला तिथे कुणी ठेवलंच नव्हतं. उत्तरं सगळी आधीच लिहिलेली. त्यांना नावं होती. गादीला वास येतो म्हणून तक्रार आली की ‘वास-एक’वर बोट ठेवायचं, अख्खं उत्तर आपोआप जायचं: ‘नव्या गादीला सुरुवातीला फोमचा वास येतो. खिडक्या उघड्या ठेवल्यास दोन-चार दिवसांत तो जाईल. तुमची गैरसोय मी समजू शकते.’ माणूस तरीही हटून बसला तर ‘वास-दोन’. गादीच्या खोळीला चेन का नाही, सगळीकडून शिवून का टाकलीय, असं विचारलं तर ‘चेन’: ‘धूळ आत जाऊ नये म्हणून खास शिवण.’ आणि दान झालं का, कुणाला दिलं, असं कुणी पाठपुरावा करत आलं तर ‘दान-दोन’. ते उत्तर सगळ्यांत सुरेख होतं. कुणी लिहिलं असेल त्याच्या जिभेला हाड नसावं.

‘दान-दोन’ सूनबाईने आयुष्यात एकदाच वापरलं, आणि ते कुणाला पाठवलं हे तिच्या नीट लक्षात होतं.

त्याच शहरातली एक मुलगी होती. मुलगी म्हणजे लग्नाच्या वयाची, पण लिहिण्यावरून एकटी वाटली. तिने आजारी वडिलांसाठी गादी घेतली होती. दोन महिन्यांत वडील गेले. आता ती गादी डोळ्यांसमोर नको, असं तिचं म्हणणं. ‘बाबांची कूस मला एकटीला बदलता यायची नाही,’ तिने लिहिलं होतं, ‘म्हणून मी त्यांच्या जुन्या चौकडीच्या शर्टाचे पट्टे करून गादीच्या दोन्ही कडांना शिवले होते. ते पट्ट्याला धरायचे, मी मागून ढकलायची. ते पट्टे उसवून देऊ का? आणि शेवटी शेवटी डाग पडलेत, मी धुतलंय, पण गेले नाहीत. अशी गादी कुणाला देता येईल का?’

यावर तयार उत्तर नव्हतं. सूनबाईने पहिल्यांदाच स्वतःच्या मनाचं काहीतरी लिहिलं. पट्टे राहू द्या, ज्यांना गादी मिळेल त्यांना उपयोगी पडतील. डागांची काळजी करू नका, प्रत्येक गादी आमच्याकडे स्वच्छ होते. मुलीने लिहिलं, ‘तुम्ही खरंच मैत्रिणीसारख्या बोललात.’ सूनबाईला त्या दिवशी बरं वाटलं होतं, बघा! घरी जाऊन सासूला सांगितलंही होतं.

काही दिवसांनी तीच मुलगी परत आली. गादी मिळाली का कुणाला? सूनबाईला कुठून माहीत असणार? तिने ‘दान-दोन’वर बोट ठेवलं. ‘कळवताना आनंद होतो, की तुमची गादी एका गरजू आजींपर्यंत पोहोचली आहे. त्या आता शांत झोपतात आणि तुम्हाला आशीर्वाद देतात.’

पलीकडून फक्त हात जोडल्याचं चित्र आलं.

त्यानंतर महिनाभरात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण उठायचं नाही, बसवलं तर तेवढ्यापुरतं. सासूबाई म्हणजे तोंडाने तलवार. पडल्या पडल्या अख्ख्या घराला कामाला लावायच्या. पण पाठीला माकडहाडापाशी लाल चट्टा दिसायला लागला आणि ड्रेसिंगला येणारी सिस्टर गंभीर झाली.

“कातडी अजून फुटलेली नाही,” ती म्हणाली. “मऊ, कोरडी, स्वच्छ गादी आणा. ही फुटली आणि चिघळली, तर या वयात जखम भरता भरत नाही. परत हॉस्पिटल, परत सगळं पहिल्यापासून.”

“अगं, मग विचार कसला करायचा? तुझीच कंपनी आहे की!” नवरा म्हणाला. कामावरच्या लोकांना सवलत होती. त्याने अभिमानाने गादी मागवली आणि दोन दिवसांत ती दारात आली, चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर छापलेलं ‘फक्त तुमच्यासाठी’.

प्लास्टिक फाडलं तेव्हा खोलीत आधी अत्तराचा भपकारा आला. लिंबासारखा, घसा खवखवेल असा. सासूबाईंना उचलून गादीवर ठेवलं. तासाभराने अंगाची ऊब लागली आणि अत्तराच्या खालून दुसरं काहीतरी वर यायला लागलं.

“सूनबाई,” सासूबाईंनी हाक मारली, “हा कसला गं वास?”

सूनबाई ऑफिसला निघायच्या घाईत होती. केसांना चिमटा लावता लावता तिच्या तोंडून निघून गेलं, “आई, नव्या गादीला सुरुवातीला फोमचा वास येतो. खिडक्या उघड्या ठेवल्या की दोन-चार दिवसांत जाईल. तुमची गैरसोय मी समजू शकते.”

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू घरात परकी बाई शिरलीय.

“माझी काय समजतेस? गैरसोय? मी तुझं गिऱ्हाईक आहे का गं?”

सूनबाईने जीभ चावली. पण चप्पल घातली आणि गेली.

संध्याकाळी ती घरात पाऊल टाकते तोच नवरा मोबाइल पुढे करून उभा. त्याने दुपारी स्वतःच तक्रार केली होती, आणि कुठल्याशा मैत्रिणीने उत्तर दिलं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं. फोमचा वास, खिडक्या, दोन-चार दिवस, गैरसोय मी समजू शकते.

“अरे देवा,” आतून सासूबाई म्हणाल्या, “हे तर सकाळी हिनेच म्हटलं मला! तिथेही तूच होतीस का गं?”

नवरा हसला. सूनबाईला हसू आलं नाही. तिने दाढीवाल्याला दुपारी ‘वास-एक’वर बोट ठेवताना पाहिलं होतं. म्हणजे तिच्या नवऱ्याशी गोड बोलणारी मैत्रीण ती कान कोरणारी होती. 

दोन-चार दिवस गेले. खिडक्या उघड्याच होत्या. वास जायचं नाव नाही, उलट दुपार तापली की तो खोलीभर पसरायचा आणि नाकात जाऊन बसायचा. आंबट, शिळा, औषधाचा आणि आणखी कशाकशाचा. सूनबाई चादर रोज बदलायची, खाली प्लास्टिक घालून बघितलं, तर सासूबाईंना घाम फुटून पाठ ओली. ते काढावं लागलं.

“शिवाय कडेला हाताला काहीतरी लागतं,” सासूबाई म्हणाल्या. “खोळीच्या आत गाठी आहेत. आणि तुला म्हणून सांगते, हसू नकोस. माझ्या आधी या गादीवर कुणीतरी झोपलंय.”

“काहीतरीच काय आई! नवीकोरी आहे.”

“मग तू झोप.”

 कप्पाळ!

दुसऱ्या दिवशी सूनबाई टीम लीडरपुढे जाऊन उभी राहिली. त्याला सगळे मागून गोडबोल्या म्हणायचे. या माणसाचा आवाज कधी चढत नसे. कुणाला कामावरून काढतानासुद्धा तो आधी पाणी हवंय का विचारायचा.

“तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोहोचल्या,” तो म्हणाला.

“सर, भावना नाही पोहोचवायच्या मला. वास येतोय. सासूबाईंच्या पाठीला चट्टा पडलाय. आजच्या आज बदलून द्या.”

“देतो ना! का नाही देणार? अर्ज टाका, पंधरवड्याने माणूस येईल. फक्त तोवर शिवणीला हात लावू नका हं. उसवली की परतीचा हक्क गेला.”

“चेन का नाही हो सर, आपल्या खोळीला?”

गोडबोल्या गोड हसला. “धूळ आत जाऊ नये म्हणून. तुम्हीच तर रोज सांगता लोकांना.”

ती जागेवर परत आली. तिच्याकडे न बघताच दाढीवाला पुटपुटला, “संताच्या माणसाने काय सांगितलं?”  पडद्यावर कुणीतरी विचारत होतं, गादीला चेन का नाही. तिचं बोट सवयीने गेलं आणि उत्तर रवाना झालं. मग ती त्या बोटाकडेच बघत बसली.

रविवारी सिस्टर आली. सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि तिने तोंडाने फक्त ‘च्च’ केलं. कातडी फुटली होती. फार मोठी नाही, पण फुटली होती, आणि कडा ओल्या होत्या.

“ही कसली गादी आणलीत हो तुम्ही?” ती वास घेत म्हणाली. “हिच्यावर आता यांना एक क्षण ठेवू नका.”

नवऱ्याने आणि सिस्टरने मिळून सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं. सूनबाई स्वयंपाकघरात गेली, आणि परत आली ती कात्री घेऊनच.

“अगं, हक्क जाईल ना परतीचा!” नवरा म्हणाला.

“जाऊ दे खड्ड्यात!”

कोपऱ्यातली शिवण घट्ट होती. तिने टोक खुपसलं आणि ओढलं. दोरा करकरत सुटला. वरची पांढरीशुभ्र खोळ तिने केळ्याच्या सालीसारखी सोलून मागे टाकली, आणि आत गादीचा फोम दिसायच्या ऐवजी दुसरी खोळ दिसली. जुनी. धुऊन धुऊन विटलेली, आणि बरोब्बर मधोमध, माणसाची कंबर येते तिथे, तपकिरी-पिवळा डाग, कडेकडेने काळपट. त्यावर फवारलेलं अत्तर वाळून चिकट झालं होतं. वासाचा असा लोट आला, की नवरा ‘ई’ करून खिडकीकडे पळाला. मेल्यांनी धुण्याचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. नुसती वरून दुसरी खोळ चढवली आणि विकून मोकळे!

सूनबाईने पदर नाकाला लावला. ती मागे सरणार तेवढ्यात तिला कडेच्या गाठी दिसल्या. दाबून चपट्या झालेल्या होत्या. तिने बोटाने एक वर काढली.

कापडी पट्टा होता. चौकडीच्या शर्टाचा. दुहेरी घडीचा, बारीक टाक्यांनी शिवलेला, आणि मधोमध हाताने धरून धरून मऊ पडलेला.

ती मोरीकडे धावली. बराच वेळ तिथे ओणवी उभी राहिली. पोटातलं सगळं पडून गेलं तरी उमासे थांबेनात. परत आली तेव्हा सासूबाई खुर्चीतून वाकून तो पट्टा बघत होत्या.

“काय गं, भूत बघितलंस का?”

“आई, ही गादी कुणाची ते मला माहीत आहे.” आणि तिने सांगितलं. मुलगी, तिचे वडील, शर्टाचे पट्टे. पट्टे राहू द्या असं आपणच लिहिलं, तेही.

“ती होय. तू त्या दिवशी कौतुकाने सांगत होतीस.” सासूबाईंनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. “मग तिने नंतर विचारलं असेल ना, कुणाला दिली म्हणून?”

“विचारलं.”

“काय सांगितलंस?”

 सूनबाईने तेच तयार उत्तर म्हटलं, जसंच्या तसं, कारण ते तिला पाठ होतं. “तुमची गादी एका गरजू आजींपर्यंत पोहोचली आहे. त्या आता शांत झोपतात आणि तुम्हाला आशीर्वाद देतात.”

 सिस्टरने हातमोजे काढता काढता मान खाली घातली.

“वा!” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे खोटं नाही लिहिलंस हो. पोचली की आजीपर्यंत.”

“आई, असं नका ना बोलू.”

“का नको? ऐक. त्या म्हाताऱ्याची मला किळस नाही येत. तोही माझ्यासारखाच पडून होता बिचारा, त्याचं काय चुकलं? मला किळस येते ती तुमच्या त्या गोड बोलण्याची. माझ्या पाठीची कातडी सोलली जात होती आणि तू मला म्हणालीस, गैरसोय समजू शकते. सूनबाई, तू मला तसं म्हणालीस. तू!”

सूनबाई खाली फरशीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. सासूबाईंनी तिला रडू दिलं. नवऱ्याने आणि शेजाऱ्याने गादी ओढत बाहेर नेली. माळ्यावरची कापसाची जुनी गादी काढून उन्हात टाकली, झटकली, वर दोन गोधड्या घातल्या. सिस्टरने जखम धुतली, पट्टी केली आणि आता रोज यावं लागेल म्हणून सांगितलं. भरेल का, या प्रश्नाला ती नुसतं ‘बघू’ म्हणाली.

“ते पट्टे कापून ठेव,” कुशीवर झोपल्या झोपल्या सासूबाई म्हणाल्या. “धुऊन ठेव. त्या पोरीचे आहेत, तिला परत जाऊ देत. आणि जाऊन तिला तोंडाने सांग. बोटाने नको.”

सोमवारी सूनबाई ऑफिसला गेली. धुतलेले पट्टे पर्समध्ये होते, मुलीचा पत्ता तिने शोधून ठेवला होता. काम सुटल्यावर आधी तिच्याकडे जायचं, एवढं ठरलं होतं. नोकरीचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. सकाळी डबा देताना नवरा म्हणाला होता, “तिथे काही बोलू नकोस हं. आता औषधपाण्याचंही तुझ्याच पगारावर आहे.” ते काही चूक नव्हतं.

गोडबोल्या टेबलांमधून फिरत होता. मैत्रिणी काय लिहितात ते त्याच्या पडद्यावर जसंच्या तसं दिसायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दाढीवाल्याने तिला खुणेने विचारलं, काय झालं? तिने त्याला थोडक्यात सांगितलं. त्याने कानातली काडी काढली आणि टोपलीत टाकली.

पडद्यावर गुलाबी गोल लागला. मी तुमची मैत्रीण, बोला ना!

‘नमस्कार ताई,’ पलीकडून आलं. ‘काल तुमची गादी आली. बाळ होऊन दहा-बारा दिवस झालेत, त्याच्याजवळ झोपायला घेतली. पण विचित्र वास येतोय. बाळ खाली ठेवलं की रडतं. हे नॉर्मल आहे का?’

सूनबाईचं बोट आपोआप ‘वास-एक’कडे गेलं आणि तिथे थांबलं. गोडबोल्या दोन टेबलं सोडून उभा होता. मागे त्याच्या कॅबिनमध्ये त्याचा पडदा चालू होता.

तिने बोट उचललं. मग दोन्ही हातांनी, एकेक अक्षर टाइप करत, तिने लिहिलं:

‘बाळाला आधी तिथून उचला. घरात कात्री आहे का?’